सत्तेचाळिसावे गुणसूत्र

ग्रहण लागले की घरातल्या गर्भार बाईने विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, काही चिरायचे-कापायचे नाही, ही चाल आपल्याकडे अजून पुष्कळ घरांतून पाळली जाते. पुढे मूल जन्माला आले आणि त्यात काही उणे निघाले की चौकशी सुरू होते. ग्रहण नीट पाळले होते का? कुणाची दृष्ट लागली? कुणाचे तळतळाट भोवले? ही चौकशी चार घरे फिरते आणि शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबते. ते माणूस म्हणजे मुलाची आई.

श्रोतेहो, अशी चौकशी फक्त आपल्याच खेड्यापाड्यांत होते असे मानू नका. युरोपातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनीही एका विशिष्ट प्रकारच्या मुलांच्या बाबतीत जवळजवळ शंभर वर्षे हीच चौकशी चालवली. त्यांनी आईबापांच्या रोगांना दोष दिला, व्यसनांना दिला, आणि काही काळ तर दूरच्या एका वंशाच्या लोकांनाही त्यात गोवले. खरे उत्तर निघाले ते एका मोजणीतून. मोजणी साधीच, ४६ की ४७ एवढीच. पण ती नीट जमायला माणसाला १९५९ साल उजाडावे लागले. त्या मोजणीचा इतिहास आज सांगायचा आहे.

ही मुले तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली असतील. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे किंचित वर चढलेले, नाकाचा वरचा भाग बसका, तान्हेपणी अंग सैल, मान धरायला उशीर. काहींच्या तळहातावर दोन आडव्या रेघांऐवजी एकच सरळ रेघ असते. मूल चालायला, बोलायला आणि शिकायला वेळ लावते. जगात साधारण ७०० ते १००० जन्मांमागे असे एक मूल जन्मते. श्रीमंतांत आणि गरिबांत, गोऱ्यांत आणि काळ्यांत सारखेच. या अवस्थेला आज ‘डाऊन सिंड्रोम’ म्हणतात.

हे डाऊन म्हणजे इंग्लंडातले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन. सरे परगण्यात अर्ल्सवुड नावाची मतिमंद माणसांसाठी एक मोठी संस्था होती, तिचे हे प्रमुख डॉक्टर. संस्थेतल्या माणसांचे चेहरे निरखता निरखता त्यांच्या ध्यानात आले की काही मुले एकमेकांची सख्खी भावंडे शोभावीत इतकी सारखी दिसतात, आणि त्यांचे सख्ख्या भावंडांशी मात्र तितके साम्य नसते. निरीक्षण अचूक होते. १८६६ साली त्यांनी ते छापले. पण त्यावर जो अर्थ बसवला तो त्या काळच्या साहेबी डोक्यातून आलेला. या मुलांच्या डोळ्यांची ठेवण त्यांना मंगोलियातल्या लोकांसारखी वाटली, म्हणून त्यांनी या मुलांना ‘मंगोल’ हेच नाव दिले. गोऱ्या आईबापांच्या पोटी खालच्या पायरीवरच्या वंशाचे मूल येते, आणि हे घसरणे बहुतांशी आईबापांच्या क्षयरोगामुळे होते, असा त्यांचा तर्क.

डाऊनसाहेबांविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १८६८ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिथे या मुलांना शिस्तीने, मायेने शिकवले. त्या काळी अशा मुलांना कोंडून ठेवणे हीच रीत होती. शिवाय एका वंशाच्या घरी दुसऱ्या वंशासारखे मूल जन्मते, त्या अर्थी सगळी माणसे एकाच जातीची आहेत, असेही त्यांनी त्याच लेखात बजावले होते. ते १८९६ साली वारले. १९०५ साली त्यांच्या मुलाच्या घरी नातू जन्मला, त्याला हीच अवस्था होती. क्षयाची आणि वंशाची कल्पना तरीही पुस्तकांतून लवकर हलली नाही. पुढे क्षयाच्या जागी उपदंश आला, दारू आली.

हे सगळे झाडून काढायचे काम लायोनेल पेनरोझ नावाच्या डॉक्टराने हाती घेतले. १९३०च्या सुमारास ते कोलचेस्टर या गावी अशाच एका संस्थेत रुजू झाले. खोलीत बसून तर्क करण्यापेक्षा त्यांनी संस्थेतल्या १२८० माणसांची माहिती गोळा केली. प्रत्येकाचे आईबाप, भावंडे, त्यांची वये, आजार, कितवे मूल, सगळे विचारून टिपून ठेवले. आपल्याकडे तलाठी जसा एकेक गट नंबर लावून उतारा भरतो, तसला हा उद्योग. वर्षानुवर्षे चालला. तो पुरा अहवाल १९३८ साली छापून आला.

त्यातल्या या मुलांच्या बाबतीत पेनरोझ यांनी एकच प्रश्न लावून धरला. ही मुले पुष्कळदा मोठ्या वयाच्या आईला होतात हे आधीच दिसले होते. पण मोठ्या वयाच्या आईचा नवराही मोठ्या वयाचाच असतो, आणि तिचे हे मूल बहुधा शेंडेफळ असते. मग कारण आईचे वय, बापाचे वय की पोराचा नंबर? १९३३च्या सुमारास त्यांनी आकडेमोड करून दाखवले की बापाचे वय आणि मुलाचा क्रम बाजूला काढले तरी आईच्या वयाचा परिणाम शिल्लक उरतो. उलट आईचे वय सारखे धरले तर बापाच्या वयाने फरक पडत नाही. उपदंशाचाही संबंध निघाला नाही.

आता इथे ऐकणाऱ्याला वाटेल, म्हणजे शेवटी दोष आईकडेच आला! तसे नाही. वय हा कुणाचा अपराध नव्हे, आणि वयामुळे नेमके काय बिघडते हे पेनरोझ यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. हॉलंडमधल्या वार्डेनबुर्ग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टराने १९३२ सालीच लिहिले होते की या मुलांची गुणसूत्रे कुणीतरी मोजून पाहावीत, तिथे एखादे जास्त किंवा कमी असेल. सल्ला सोन्यासारखा होता. पण मोजणार कसे? साध्या, निरोगी माणसाची गुणसूत्रे किती, हेच तेव्हा कुणाला बिनचूक माहीत नव्हते.

गुणसूत्रे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. शिक्षक मंडळींना हे नवे नाही. आपले शरीर पेशींचे बनलेले. प्रत्येक पेशीत मधोमध एक गाभा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. पेशी दुभंगून एकीच्या दोन व्हायच्या वेळी या केंद्रकात बारीक दोऱ्यांसारखे तुकडे दिसू लागतात. जर्मनीतल्या वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली त्यांची हालचाल बारकाईने चितारली. (पेनिसिलीनवाले फ्लेमिंग वेगळे.) रंग घातला की हे तुकडे तो चटकन शोषून घेतात, म्हणून १८८८ साली वाल्डायर यांनी त्यांना रंगावरून ‘क्रोमोसोम’ हे नाव दिले. आपण गुणसूत्र म्हणतो, कारण आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते याच सूत्रांवरून. ही जोडीजोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, एक बापाकडून.

माणसाच्या पेशीतली गुणसूत्रे मोजणे म्हणजे ताटलीभर शिजलेल्या शेवया काट्याने न उचलता, वरूनच पाहून मोजण्यासारखे होते. एकावर एक चढलेली, गुंतलेली, वाकलेली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थिओफिलस पेंटर यांनी वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांच्या वृषणाच्या ऊतीचे पातळ काप घेऊन मोजणी केली. १९२१ साली त्यांनी लिहिले की सर्वांत स्वच्छ दिसलेल्या कापांत ४६च दिसतात. पण ४६ की ४८ हे ते ठरवीनात. १९२३ साली त्यांनी ४८वर शिक्का मारला. झाले! पुढची ३० वर्षे जगातल्या पुस्तकांत ४८ छापले गेले आणि नवीन मोजणारेही ४८ मोजू लागले. आकडा एकदा छापला गेला की डोळे त्याच्या आज्ञेत वागतात, हे शाळेतल्या प्रयोगवहीत आपण पाहतोच. मोठ्या प्रयोगशाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत.

ही कोंडी फोडली ती एका चुकीने. १९५०च्या सुमारास टेक्सासमध्येच सू नावाचे एक चिनी शास्त्रज्ञ काम करीत होते. एके दिवशी त्यांच्या काचपट्टीवर गुणसूत्रे अशी सुटी सुटी, पसरलेली दिसली की त्यांचा विश्वासच बसेना. पुन्हा करून पाहावे तर जमेना. काही महिने धडपडल्यावर उलगडा झाला. पेशी धुवायचे मीठपाणी कुणीतरी चुकून पातळ केले होते. पातळ पाण्यात पेशी भिजल्या हरभऱ्यासारखी टच्च फुगते आणि आतली सूत्रे एकमेकांपासून लांब सरकतात. ती चूक कुणाच्या हातून झाली ते सू यांना शेवटपर्यंत कळले नाही. सू यांनी ही युक्ती १९५२ साली जाहीर केली, आणि गंमत अशी की त्यांनी स्वतः मोजले ते मात्र ४८च!

खरा आकडा सांगितला तो जावा बेटावर जन्मलेल्या एका शेतीशास्त्रज्ञाने. जो हिन त्जियो हे त्यांचे नाव. मूळ काम बटाट्याच्या वाणांवर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना कैदेत टाकले होते. सुटल्यावर ते युरोपात गेले, स्पेनमध्ये पिकांवर काम करू लागले, आणि सवड मिळे तेव्हा स्वीडनमधल्या लुंड या गावी अल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत येऊन राहत. तिथे त्यांनी मानवी गर्भाच्या फुफ्फुसातल्या पेशी काचेत वाढवल्या, पातळ मीठपाण्याची युक्ती वापरली, आणि कोल्चिसीन नावाचे द्रव्य घातले. या द्रव्याने पेशी दुभंगता दुभंगता मध्येच थबकते आणि सूत्रे आखडून जाड होतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावीची वेल आहे ना, तिच्या कंदातही हेच द्रव्य असते. म्हणूनच ती विषारी आहे. पोरांना तिच्या वाटेला जाऊ देऊ नये.

२२ डिसेंबर १९५५. रात्री उशिरा सूक्ष्मदर्शकाखाली त्जियो यांनी मोजले. ४६. दुसरी पेशी मोजली, ४६. अडीचशेहून अधिक पेशी मोजल्या, आणि जवळजवळ सगळीकडे ४६च. मग एक जुनी हकीकतही उजेडात आली. त्याच लुंड गावात आधीच्या वर्षी काही जणांनी गर्भाच्या यकृताच्या पेशी तपासल्या होत्या, पण ४८ काही केल्या भरेनात, म्हणून त्यांनी ते काम तिथेच थांबवले होते! त्जियो आणि लेव्हान यांचा लेख १९५६ साली छापला गेला, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या फोर्ड आणि हॅमर्टन यांनी स्वतंत्रपणे तोच आकडा पक्का केला. निरोगी माणसात ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या. आता कमी-जास्त म्हणजे काय, हे म्हणायला पाया मिळाला.

यानंतरची गोष्ट पॅरिसची. मार्थ गोतिए ही एका शेतकऱ्याची मुलगी, १९२५ साली जन्मलेली. मुलांची डॉक्टर झाली. हृदयरोगाचे शिक्षण घ्यायला १९५५ साली अमेरिकेत बोस्टनला गेली, आणि तिथे पेशी काचेत वाढवण्याची विद्याही हातावेगळी करून आली. तेव्हा फ्रान्समध्ये ही विद्या फारशी कुणाला येत नव्हती. ती पॅरिसला परतली, ट्रुसो इस्पितळात रुजू झाली. तिथले प्रमुख प्राध्यापक त्युर्पां यांच्या मनात पुष्कळ वर्षांपासून होते की या विशिष्ट मुलांची गुणसूत्रे तपासावीत. ४६चा आकडा आल्यावर ते म्हणाले, आपल्याकडे पेशी वाढवणारे कुणी असते तर. गोतिएबाई म्हणाल्या, मी करते.

एक रिकामी खोली मिळाली. तिथे एक शीतपेटी, एक फिरकी यंत्र आणि कपाटात एक जुनाट सूक्ष्मदर्शक. पैसा नाही. काचसामान घेण्यासाठी बाईंनी स्वतःच्या नावावर कर्ज काढले. पेशी वाढवायला खाद्य लागते. त्यासाठी एक कोंबडा पाळून त्याच्या रक्तातला द्रव घेतला, अंड्यातल्या भ्रूणाचा अर्क केला, आणि माणसाचे रक्तद्रव लागले तेव्हा स्वतःच्याच दंडातून रक्त काढून घेतले. विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त पडे. आधी निरोगी मुलांच्या ऊतीचे तुकडे वाढवून पद्धत पक्की केली. ४६ येतात याची खातरी झाली. मग १९५८च्या मे महिन्यात एका डाऊन अवस्थेतल्या मुलाच्या पेशी काचेत वाढल्या, आणि सूत्रे मोजली तर ४७. एक लहानसे सूत्र जास्त.

बाईंच्या सूक्ष्मदर्शकावर फोटो घेण्याची सोय नव्हती. त्युर्पां यांच्याच हाताखाली जेरोम लेज्यून नावाचे एक तरुण संशोधक होते, ते काचपट्ट्या फोटोसाठी घेऊन गेले. फोटो बाईंना दाखवलेही गेले नाहीत. १९५९च्या जानेवारीत शोध छापून आला तेव्हा लेखकांत पहिले नाव लेज्यून यांचे, दुसरे गोतिए यांचे आणि तिसरे त्युर्पां यांचे. बाईंचे नाव तर चुकीच्या अक्षरांनी छापलेले. कीर्ती सगळी लेज्यून यांच्याकडे गेली. गोतिएबाई मुकाट्याने आपल्या हृदयरोगी मुलांकडे वळल्या. पन्नास वर्षांनी, २००९ साली, त्यांनी आपली बाजू लिहून सांगितली, आणि २०१४ साली फ्रान्सच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिले की या शोधात लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असणे संभवत नाही. लेज्यून यांच्या बाजूची माणसे हे मानत नाहीत. त्यांनी या मुलांसाठी पुढे जन्मभर काम केले हेही खरे आहे. पण कोंबडा पाळणारी आणि दंडातून रक्त काढणारी कोण, याविषयी माझ्या मनात संशय नाही. २०२२ साली गोतिएबाई वारल्या.

आता मुख्य प्रश्न. हे सत्तेचाळिसावे सूत्र येते कुठून?

शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. समजा, एका घरात २३ बैलजोड्या आहेत आणि दोघा भावांची वाटणी व्हायची आहे. ठरले असे की प्रत्येक जोडी सोडायची, एक बैल थोरल्याच्या गोठ्यात, दुसरा धाकट्याच्या. म्हणजे प्रत्येकाकडे २३ सुटे बैल. स्त्रीबीज आणि पुरुषबीज तयार होताना शरीरात अगदी हीच वाटणी होते. नेहमीच्या पेशीत ४६ सूत्रे, पण बीजात निम्मी, २३. आईचे २३ आणि बापाची २३ एकत्र आली की मुलाची ४६ भरतात. पण कधी कधी एखादी जोडी सुटतच नाही आणि दोन्ही बैल एकाच गोठ्यात जातात. त्या बीजात २४ होतात. त्यात समोरची २३ मिळवा, ४७. दुसऱ्या गोठ्यात २२च राहतात, पण तशा गर्भाचा सहसा निभाव लागत नाही. फळमाशीच्या बाबतीत ही ‘न सुटलेली जोडी’ कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ सालीच दाखवून दिली होती. माणसातही तेच घडते हे कळायला आणखी ४३ वर्षे गेली.

मग आईच्या वयाचे काय? बापाची बीजे वयात आल्यापासून नवनवी तयार होत राहतात. बाईचे तसे नसते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या सगळ्या स्त्रीबीजांची मांडणी होते. वाटणी तेव्हाच सुरू होते, जोड्या जुंपल्या जातात, आणि काम तिथेच थांबते. पुढे ती मुलगी मोठी होते, आणि ज्या महिन्यात जे बीज पिकते त्या महिन्यात त्याची अर्धी राहिलेली वाटणी पुरी होते. म्हणजे तुम्ही आम्ही ज्या बीजापासून जन्मलो त्याची सुरुवात आपल्या आजीच्या पोटात झाली! चाळीस वर्षांच्या बाईच्या बीजात जोड्या चाळीस वर्षे दावणीला उभ्या असतात. सूत्रांना एकत्र धरणारे प्रथिनांचे दोर असतात, ते इतक्या काळात झिजतात. दोर मधेच तुटला तर जोडी वेळेआधी सुटते, आणि भरकटलेले दोन्ही बैल एकाच गोठ्यात शिरू शकतात. आईच्या २५व्या वर्षी असे मूल होण्याचा संभव साधारण १२५० मध्ये १, ३५व्या वर्षी ३५० मध्ये १, आणि ४०व्या वर्षी १०० मध्ये १ इतका असतो. तरुण आयांची बाळंतपणे मुळातच संख्येने जास्त, त्यामुळे पुष्कळ मुले तरुण आयांनाच झालेली दिसतात. आणि दर दहांत सुमारे एका मुलाला जास्तीचे सूत्र बापाकडून आलेले असते.

या सगळ्यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही वाटणी चुकते ती बीज तयार होताना, फार तर बीजाशी बीज मिळते त्या सुमारास. बाईला दिवस गेल्याचे कळते तेव्हा मोजणी केव्हाच होऊन गेलेली असते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तिने विळी धरली काय, ग्रहणात झोपली काय, पपई खाल्ली काय किंवा कुणाशी भांडली काय, ४७ची ४६ होत नाहीत आणि ४६ची ४७ होत नाहीत.

अशी चूक एकविसाव्याच जोडीत होते असे नाही. कुठल्याही जोडीत होते. पण बाकीची सूत्रे मोठी, त्यांच्यावर गुणांचा भार जास्त. ते जास्तीचे ओझे गर्भाला पेलत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. गर्भ पडला म्हणून सुनेने जड हंडा उचलल्याचा हिशेब काढणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवावे. एकविसावे सूत्र सगळ्यांत लहान, म्हणून ते मूल जगू शकते. (खरे तर क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे दिलेले, त्यामुळे बाविसावे लहान असायला हवे होते. सुरुवातीला मापे घेताना फसगत झाली आणि नाव तसेच चिकटून राहिले.) तेरावे आणि अठरावे सूत्र जास्त असलेली मुलेही कधी जन्मतात. १९६० साली त्यांची ओळख पटली. त्यांतली बहुतेक वर्षाच्या आत जातात.

तेविसावी जोडी मुलगा की मुलगी हे ठरवणारी. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. इथलीही वाटणी चुकते. १९५९ सालीच एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि स्ट्राँग यांनी एका पुरुषात दोन एक्स आणि एक वाय पाहिले, आणि फोर्ड यांच्या गटाने एका मुलीत एकच एक्स. पहिल्याला मूल होण्यात अडचण येते, दुसरीची उंची खुंटते आणि पाळी आपोआप येत नाही. यावरून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. दोन एक्स असूनही पहिला पुरुषच होता, म्हणजे पुरुषपण वायवर ठरते. आणि वाय असतो फक्त बापाकडे. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंच्या हिशेबाला हे शास्त्राचे उत्तर.

आता एक अपवाद सांगायला हवा, कारण तो घरादाराच्या उपयोगाचा आहे. डाऊन अवस्थेच्या शंभरांतल्या तीन-चार मुलांत सूत्रे मोजली तर ४६च भरतात. इंग्लंडमधल्या पोलानी यांच्या गटाने १९६० साली अशी पहिली केस उकलली. एकविसाव्या सूत्राचा मोठा भाग दुसऱ्याच एका सूत्राला, बहुतेक वेळा चौदाव्याला, जोडला गेलेला असतो. दोन दोरांना गाठ मारून एक केल्यासारखा. त्यामुळे आकड्यात ४६ दिसतात, माल मात्र ४७चा. काही घरांत ही गाठ आईत किंवा बापातच असते. त्यांची सूत्रे मोजली तर ४५ निघतात, पण एकंदर माल पुरेपूर असल्याने ते स्वतः अगदी निरोगी असतात, आपल्यात असे काही आहे याची त्यांना कल्पनाही नसते. अशा आईबापांना पुन्हा तसे मूल होण्याचा संभव बराच वाढतो आणि त्यात वयाचा संबंध नसतो. म्हणून तरुण आईला असे मूल झाले तर मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी, आणि त्यात गाठ दिसली तर दोघा आईबापांचीही. बाकीच्या ९५ टक्क्यांच्या आसपास मुलांत गाठ नसते, नुसतीच न सुटलेली जोडी असते.

ही तपासणी आता सोपी आहे. सुईने काढलेले थोडे रक्त पुरते. हेही आपोआप झालेले नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहसा दुभंगत नाहीत, मग सूत्रे दिसणार कशी? १९६०च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या नॉवेल यांच्या ध्यानात आले की लाल पेशी बाजूला काढण्यासाठी जो राजम्याचा अर्क घालतात, त्यानेच पांढऱ्या पेशी दुभंगू लागतात. कच्च्या राजम्यातले हेच द्रव्य पोट बिघडवते, म्हणून राजमा भिजवून खळखळ उकळायचा असतो. स्वयंपाकघरातले विष प्रयोगशाळेत उपयोगी पडले. गर्भ पोटात असताना गर्भजलातल्या पेशी तपासण्याची सोयही १९६०च्या दशकातच झाली. ती करावी का आणि कळल्यावर काय करावे, हे त्या नवराबायकोने डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, गावाने नव्हे.

‘मंगोल’ हे नावही या मोजणीने मोडीत काढले. वंशाचा संबंध नाही हे उघड झाल्यावर १९६१ साली १९ शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात ते नाव टाकावे असे लिहिले, आणि १९६५ साली मंगोलिया देशानेच जागतिक आरोग्य संघटनेकडे तक्रार केली. तेव्हापासून ते अधिकृत कागदांतून गेले.

जास्तीचे सूत्र काढून टाकण्याचा उपाय अजून निघालेला नाही. पण या मुलांचे आयुष्य किती, हे मात्र पार बदलले. अमेरिकेत १९८३ साली अशी माणसे सरासरी २५ वर्षे जगत, आज ती ६०च्या आसपास पोचली आहेत. सूत्रे तीच, बदलला तो व्यवहार. संस्थांत कोंडून ठेवणे थांबले आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून मूल रडते-खेळते दिसले तरी पहिल्या महिन्यांतच हृदय तपासून घ्यावे. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावते. ते रक्ताच्या तपासणीत कळते आणि गोळीने सुधारते. आणि शिक्षकांनी एवढे पाहावे. यांतल्या पुष्कळ मुलांना कमी ऐकू येते, कानांत पाणी साचते, नजरही अधू असते. नुसते बोलून सांगितलेले लवकर ध्यानात राहत नाही, चित्र किंवा वस्तू दाखवली तर राहते. असे मूल वर्गात आले तर त्याला पुढच्या बाकावर बसवावे, आणि हाक मारल्यावर वळले नाही तर ते हट्टी आहे असे ठरवण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात त्याचे कान दाखवून आणावेत.